दुसऱ्या घरचं विरजण

लिटल ऑर्ल,
मंगळवार, ६ सप्टेंबर १९८३

प्रिय म्यूरिअल,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी चहा ठेवलास, मग खुर्ची ओढून बसलीस आणि मगच पत्र फोडलंस. मला इथे बसून दिसतंय सगळं. घाबरू नको, कुणी मेलेलं नाही. मरायचा होता तो फेब्रुवारीतच मेला.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण गुडघा म्हणजे काही मी नव्हे. कोंबड्या सात उरल्यात, दोन कोल्ह्यानं नेल्या, त्याही नेमक्या अंडी देणाऱ्या. मेल्याला बरं कळतं. बियरच्या हॉपची तोडणी सुरू झालीय, भट्ट्या पेटल्यात, आणि फुलं वाळवायचा तो कडू, झोप आणणारा वास गावभर भरलाय. तुझ्या लेमस्टरला काय, पेट्रोलचाच वास येत असेल. तुझा डावा हातमोजा अजून इथेच खुंटीवर आहे. पाठवीन पाठवीन म्हणते, राहून जातं. त्या दिवशी कोटांची जरा गडबडच झाली.

आता कामाचं सांगते. शनिवारी गावचं प्रदर्शन झालं. तोच पांढरा तंबू, तेच कांदे, तेच रुसवेफुगवे. माझ्या संत्र्याच्या मार्मालेडला तिसरा नंबर. परीक्षक म्हणे, "साल जरा जाड कापलीय." मी म्हटलं, "जाड नाही हो, तुमचे दात पातळ झालेत." बाई हसली, पण नंबर काही वाढवला नाही.

घरगुती बियरचं टेबल शेवटाला होतं. तुला माहितीये, तिथे नाव लिहायचं नसतं, बाटलीवर फक्त आकडा. सात बाटल्या होत्या. क्लेम होता तोवर हे टेबल म्हणजे आमचंच; बाकीचे आपले रांग भरायला. यंदा मी तिकडे जाणारच नव्हते. पण परीक्षक चार नंबरची बाटली ओतत होता आणि मी पलीकडून, कांद्यांच्या टेबलापासून चालले होते, तर मला वास आला.

म्यूरिअल, मी जागच्या जागी थांबले. हातातली पिशवी खाली ठेवली.

परीक्षकाला म्हटलं, "साहेब, एक घोट विधवेला." त्याला वाटलं मी गंमत करतेय. ग्लास दिला. आधी संत्र्याची साल. मग ओलं गवत. मग तो कडूपणा, कानामागे झिणझिण्या आणणारा, आणि वर ती कडक झिंग, जिच्यामुळे पाद्रीबुवा क्लेमकडे फक्त एकच ग्लास घ्यायचे आणि तोसुद्धा बसून. आणि अगदी शेवटी, गिळून झाल्यावर, पिकलेला पेअर.

तो पेअर हॉपचा नाही आणि माल्टच्या जवाचाही नाही. तो क्लेमच्या विरजणाचा. कोठीतल्या दगडी फळीवरची ती बरणी तुला आठवत असेलच, तळाशी करडा गाळ असलेली. शहाणी माणसं त्याला यीस्ट म्हणतात. लग्नाच्या वर्षी त्यानं ते कुठून तरी आणलं आणि एकतीस वर्षं जगवलं. दर वेळी बियर आंबून झाली की तळातलं पुन्हा बरणीत. "माल्ट विकत मिळतं, हॉप वेलाला लागतो, विरजण मात्र पाळावं लागतं," म्हणायचा. आम्ही कुत्रं पाळलं नाही त्याचं कारण हेच.

ती बरणी आता नाही. ती गोष्ट वेगळी, पुन्हा कधीतरी.

तर पहिला नंबर चारला. आकड्याचा कागद उलगडला, नाव वाचलं: रेज प्रोबर्ट.

रेज! आमच्या कुंपणापलीकडचा! ज्याची बियर चाखून एका परीक्षकानं विचारलं होतं, "यात बुडालं कोण?" ज्यानं बाटल्यांत साखर दुप्पट घातली आणि शेडमध्ये एकामागून एक अशा त्या फुटल्या की त्याची बायको नेस्टा बिचारी, लढाई पुन्हा सुरू झाली समजून, टेबलाखाली जाऊन बसली. हा माणूस वीस वर्षं क्लेमच्या मागे दुसरासुद्धा आला नाही, आणि क्लेम जाऊन सात महिने होतायत तोवर क्लेमची बियर घेऊन उभा!

बक्षीस घेताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. टोपीकडे बघत होता, जशी काही टोपीच त्याला बक्षीस देतेय.

या माणसानं माझ्या घरातून काहीतरी नेलंय. काय, कधी आणि कसं, ते मी काढणार. तुला एवढ्यासाठी लिहिलं की क्लेमच्या बियरबद्दल तुला बरीच माहिती असायची. त्याच्या मागल्या दिवसांत तो रेजबद्दल काही बोलला होता का? तुझ्याकडे यायचा ना, गुरुवारी. सहज विचारते.

उत्तर पाठव. तिकीट परवडत नसेल तर सांग.

थोरली,
बेरिल

*

लिटल ऑर्ल,
सोमवार, १९ सप्टेंबर १९८३

म्यूरिअल,

तेरा दिवस झाले. पोस्टमन आला की मी दारात, आणि तो म्हणतो, "आज पण बिलंच हो, मिसेस प्रीस." तू लहानपणापासून अशीच. मुकी. शाळेत बाईंनी छडी मारली तरी तुझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, आणि तुझ्या वाटचं मी रडायची. असो. हवा छान आहे. नववी यत्ता शिकलेल्या बहिणीला चार ओळी लिहायला वेळ नसेल तर गावच्या शाळेतली लिहील.

मी शोध घेतला. ऐक.

पहिल्या दिवशी सीड केक घेऊन रेजकडे गेले. दार नेस्टानं उघडलं. "अगंबाई, बेरिल! आणि केक? कुणी आजारी आहे का?" मी म्हटलं, "नाही, अभिनंदन करायला आलेय. कुठे आहे आपला विजेता?" विजेता शेडमध्ये होता. मी गेले तशी त्यानं आतून कडी लावली. कडी, म्यूरिअल! मी बाहेर उभी, हातात केक.

"रेज, आत कोण आहे? दुसरी बायको?"

"कुणी नाही. बियर आंबतेय. थंड वारा लागतो तिला."

"सप्टेंबरात?"

"नाजूक आहे ती."

"तुझी बियर? तिनं मागे पत्रा फाडला होता रे."

मी दाराला कान लावला. आत ती गुबूक-गुबूक चाललेली, पिंपाच्या तोंडावरच्या काचेच्या नळीतल्या पाण्यातून हवा सुटते तशी. एकतीस वर्षं माझ्या कोठीतून हाच आवाज यायचा. मी केक दारात ठेवला आणि घरी आले. नंतर कळलं, कोंबड्यांनी खाल्ला. माझ्याच.

मग मी विचार केला. शिरला असेल तर कोठीतून शिरला असेल. कोठीच्या खिडकीला कोळ्याचं जाळं आहे, क्लेम असल्यापासूनचं, अखंड. मागच्या दाराची किल्ली माझ्या गळ्यात. नेस्टाकडे एक होती, ती मी दोन वर्षांपूर्वीच, तिनं माझी किसणी परत दिली नाही तेव्हा, परत घेतली. मग आला कुठून? नेस्टाला रस्त्यात गाठलं तर ती म्हणे, "मला काही विचारू नको बाई, मी शपथ घेतलीय." मी म्हटलं, "कुणापाशी?" तर तिनं चक्क तोंडावर हात ठेवला आणि चालायला लागली. पन्नास वर्षांत मी नेस्टाला तोंड बंद करताना पहिल्यांदा बघितलं.

आणि मग शुक्रवारी मी कपडे वाळत घालत होते. कुंपणापलीकडे त्यांच्या दोरीवर एक मलमलची पिशवी. वारा आला की आत काहीतरी खडखडायचं.

तुला माहिती आहेच, पण लिहिते, म्हणजे तू माहिती नाही असं म्हणायला नको. बियर आंबून शांत झाली की क्लेम पिंपात सुक्या हॉपची फुलं पुन्हा एकदा सोडायचा, वासासाठी. फुलं तरंगतात, वर बुरशी धरतात. म्हणून मलमलच्या पिशवीत घालायची आणि पिशवी बुडावी म्हणून आत काचेच्या गोट्या. या गावात हे फक्त क्लेम करायचा. बाकीचे चमच्यानं ढोसत बसतात. क्लेमच्या पाच हिरव्या गोट्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत. धावत जाऊन मोजल्या. पाचही जागच्या जागी.

म्हणून मी कुंपण ओलांडलं. हो, या गुडघ्यानं. पिशवीत हात घातला आणि काढल्या. तीन साध्या पांढऱ्या. आणि चौथी तपकिरी, आत दुधी वेटोळं, एका बाजूला टवका उडालेला.

ही गोटी तू १९३१ मध्ये आल्फी ग्विलियमकडून शाळेच्या भिंतीमागे जिंकलीस. टवका तिथेच उडाला, मी तिथे होते. मला तू तिला हात लावू द्यायची नाहीस. दोन वेळा मी ती चोरली आणि दोन्ही वेळा तू ती माझ्या उशीतून काढलीस. जगात अशी दुसरी गोटी नाही.

रेज शेडमधून बाहेर आला. मी त्याच्या बागेत, हातात गोटी.

"रेज, ही कुणाची?"

त्याचा रंग उडाला. म्हणाला, "बेरिल, मी शब्द दिलाय. ज्याची गोटी आहे त्याला विचार."

ज्याला नाही, जिला. विचारतेच आहे.

म्यूरिअल, मी आता आडून बोलत नाही. मी एवढी वर्षं आडून बोलले ते पुरे.

दर गुरुवारी दोनची बस. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. "काय आहे?" "म्यूरिअलला थोडं काहीतरी." थोडं काहीतरी! चौदा वर्षं! मी कधी अंडी दिली तर विसरून जायचा, पण ते पुडकं कधी विसरला नाही. घरी यायचा तेव्हा हात रिकामे आणि चेहरा असा शांत, जसा माझ्यासमोर कधी नसायचा.

एकदा मी मागच्या बसनं आले. तुला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. तुझ्या गल्लीत उभी राहिले, समोरच्या चर्चच्या भिंतीला. तुझ्या खिडकीचा पडदा अर्धा होता. तो तुझ्या चुलीपाशी खुर्चीत बसलेला. तू खिडकीशी विणत. कुणी बोलत नव्हतं. आणि त्याच्या पायात बूट नव्हते.

दुसऱ्याच्या घरात माणूस बूट काढतो कधी? मी चार वाजताच्या बसनं परत आले आणि त्याला संध्याकाळी मेंढीचं मटण वाढलं. विचारलं नाही. मी, जी पोस्टमनला त्याच्या पोटाचं विचारते, मी हे विचारलं नाही. मला वाटलं, विचारलं आणि तो खरं बोलला तर?

म्हणून त्या दिवशी, पुरल्यानंतर, सगळ्या गावासमोर, नेस्टाच्या हातात सँडविचची ताटली असताना, मी तुझा कोट तुझ्या अंगावर फेकला आणि म्हटलं, "तुझं रडून झालं असेल तर बस पकड." कोटांची गडबड झाली नव्हती. मी केली होती. हातमोजा खाली पडला तो तू उचलायलासुद्धा थांबली नाहीस.

आता एवढंच सांग. तो तुझ्याकडे कशाला यायचा?

हो किंवा नाही लिही. मुकीला तेवढं जमेल.

बेरिल

*

लिटल ऑर्ल,
रविवार, ९ ऑक्टोबर १९८३

प्रिय म्यूरे,

पत्र पोचलं. बुधवारीच पोचलं. चार दिवस मी काय करत होते ते सांगते, पण मला मध्ये हसायचं नाही.

पाकीट जाड वाटलं नाही. एकच कागद. मी उभ्यानंच वाचला, चष्मा नीट न लावता. तुझं ते आखीव अक्षर: "विरजण माझ्याकडे होतं. १९६९ पासून. मी दुसरं घर. हे बोलायचं नसतं म्हणून बोलले नाही. तू मला घालवलंस तेव्हा बरणी माझ्याकडे होती आणि ती तुझ्या दारात आणायची माझी हिंमत नव्हती. मला बियर येत नाही. विरजण सुकायला लागलं म्हणून मार्चमध्ये रेजला दिलं, पिशवी बुडवायला गोट्या दिल्या, आणि सांगितलं, बियर अशी कर की बेरिलला वास आला पाहिजे."

बास. मी कागद टेबलावर आपटला आणि तडक रेजकडे.

"दुसरं घर म्हणजे काय रे?"

या वेळी त्यानं कडी लावली नाही. एक ग्लास भरला, माझ्यासमोर ठेवला. "म्हणजे तिनं सांगितलं तर. बस." आणि मग सांगितलं. बियर करणाऱ्यांची जुनी रीत आहे म्हणे, त्याच्या आजोबांपासूनची. विरजण एकाच घरात ठेवायचं नाही. एखादा उन्हाळा वाईट जातो, बरणी आंबते, मांजर पाडतं, आग लागते. म्हणून त्यातलं थोडं दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायचं. कोणाच्या, ते कुणालाही सांगायचं नाही, घरच्या बाईलासुद्धा नाही. आणि तिथे जाऊन त्याला खायला घालायचं, ताजा गोड माल्टचा काढा. आपलं गेलं तर त्या घरून मागून आणायचं.

"म्हणजे ते पुडकं..."

"काढ्याची बाटली. वर्तमानपत्रात. थंड होऊ नये म्हणून."

चौदा वर्षं मी त्या पुडक्यात रेशमी रुमाल बघितले, म्यूरे. साबण बघितले. एकदा तर अंगठी. आणि आत जवाचं पाणी!

पण तू मला ओळखतेस. मी ग्लास खाली ठेवला आणि म्हटलं, "रेज, विरजणाला किती वेळा खायला घालतात?"

"बरणी थंड जागी असेल तर महिन्यातून एकदा."

"आठवड्यातून एकदा नाही?"

"आठवड्यातून? फुगून मरेल ते."

मी उठले. रेज घाबरून म्हणाला, "बेरिल, आता काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही. महिन्यात गुरुवार चार असतात." आणि घरी आले.

तुला उलटपत्र लिहायला बसले. चार पानं लिहिली, म्यूरे, ती तू वाचली असतीस तर आपण स्वर्गातसुद्धा वेगवेगळ्या बाकांवर बसलो असतो. एका गुरुवारी विरजण, कबूल. बाकीच्या तीन गुरुवारांचं काय? बुटांचं काय? मी तुझं पत्र पुढे ओढलं, तुझे शब्द तुझ्याच तोंडावर फेकायला. चष्मा नीट लावला. आणि कागद उलटला.

मागे लिहिलेलं होतं. मी बघितलंच नव्हतं.

तुला पाठ असेल, तरी लिहिते. मला ते माझ्या अक्षरात एकदा बघायचंय.

"बाकीच्या गुरुवारी तो बसायचा. बूट मी काढायला लावायची, फरशी पुसलेली असायची. बोलायचा नाही, मीही नाही. बरणीकडे बघत बसायचा. एकदा मी विचारलं, घरी बरं नाही का? म्हणाला, घरी फार बरं आहे, पण तिथे कान भरलेले असतात. आठवड्यातून दोन तास रिकामे केले की उरलेल्या दिवसांचं नीट ऐकू येतं. साडेचारला उठायचा. दर वेळी एकच म्हणायचा, चला, बेरिलनं दिवसभराचं साठवून ठेवलं असेल, सांडायला नको. आणि घाईनं जायचा. अगदी धावत. 'म्यूरिअल, बघ, हा म्हातारा धावतोय,' असं मी स्वतःशीच म्हणायची."

मी ते वाचलं आणि मला राग आला. खरं सांगते. आधी रागच आला. दुसरी बाई असती तर मी समजू शकले असते. बायका दुसऱ्या बाईशी भांडू शकतात. पण माझा नवरा बसचं भाडं भरून माझ्या आवाजापासून सुटी घ्यायचा! आणि कुणाकडे, तर जिच्या वाटचं मी लहानपणी रडले तिच्याकडे! मी कोठीत जाऊन रिकाम्या दगडी फळीवर थाप मारली. हात दुखला.

मग बसले. घर शांत होतं. एवढं शांत की मला माझाच श्वास ऐकू येत होता, आणि मी म्हटलं, अरे, हे असं वाटतं तर. आणि मग मला कळलं की फेब्रुवारीपासून मी साठवतेय. सगळं. कोल्हा, गुडघा, मार्मालेडची साल. पाच वाजले की खिडकीशी जाऊन उभी राहते आणि रस्त्याकडे बघते, कोणी धावत येतंय का.

आता ती दुसरी गोष्ट, जी पुन्हा कधीतरी सांगणार होते.

बरणी मी ओतली. पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नाश्ता करायच्या आधी. मला त्या बरणीला गुरुवारचा वास येतो असं वाटलं. मागे नेली आणि रूबार्बच्या वाफ्यात उपडी केली. ते घळकन पडलं, करडं, थोडा फेस आला, आणि गेलं. एकतीस वर्षं. मग बरणी उकळत्या पाण्यानं धुतली. क्लेमचं आयुष्यात मी इतकं वाईट काही केलं नव्हतं. रूबार्ब मात्र यंदा कधी नव्हे इतका आला, दांडे मनगटाएवढे. मी एकही खाल्ला नाही. सगळा नेस्टाला दिला, आणि ती म्हणाली, याला पेअरची चव कशी गं?

तू दुसरं घर नसतीस तर संपलं होतं. हे मी एकदाच लिहितेय. पुन्हा विचारलंस तर नाही म्हणेन.

आता पुढचं. मला बियर येते. चकित होऊ नको. एकतीस वर्षं मी त्याच्या मागे उभी राहून बोलत होते, पण डोळे उघडे होते. माल्ट किती गरम पाण्यात किती वेळ, हॉप उकळीला कधी, मागून किती, त्याला विसर पडायचा तेव्हा मीच गोष्ट अर्धी सोडून "क्लेम, हॉप!" ओरडायची. शुक्रवारी भट्टीवरून यंदाचा गोल्डिंग जातीचा हॉप आणला, ताजा, बोटांना चिकटणारा. माल्ट आणलंय. पाच हिरव्या गोट्या उकळून ठेवल्यात. विरजण तेवढं नाही.

रेज देतो म्हणाला. बरणीभर देतो म्हणाला, आणि बक्षिसाचा कागदसुद्धा माझ्यापुढे ठेवला, "हे तसं क्लेमचंच आहे." कागद मी घेतला. विरजण नको म्हटलं. त्याला सोडायचं नाही म्हणून विचारलं, "नेस्टाला शपथ कशी काय पाळता आली रे?" तर म्हणे, "तिनं मांजराला सांगितलं. रोज."

विरजण नको म्हटलं कारण रेजनं रीतीचं उरलेलंही सांगितलं. आपलं गेलं की दुसऱ्या घरी मालकानं स्वतः जायचं. कुणाला पाठवायचं नाही, पोस्टानं मागवायचं नाही. हात पुढे करायचा. आणि आभार मानायचे नाहीत, नाहीतर विरजण रुसतं. मालक आता मी. तू सगळं रेजला दिलं नसशील हे मला माहितीये. तू आयुष्यात कुठलीही गोष्ट सगळी दिलेली नाहीस. थोडं तुझ्या फळीवर आहे. आहे ना?

माफीचं मी रेजला विचारलं. तो म्हणाला, रीतीत माफीबद्दल काही नाही. तेव्हा ते माझ्यावर आहे. ते पत्रात मावत नाही.

संशय सगळा गेलाय असं समजू नको. एक राहिलाय. तो कुठल्या खुर्चीत बसायचा, चुलीच्या उजवीकडच्या की डावीकडच्या? मी भिंतीपाशी उभी होते तेव्हा पडद्यानं नीट दिसलं नाही. ती खुर्ची मला दाखव. मी त्यात बसेन आणि गप्प बसेन. सराव चाललाय. काल कोंबड्यांशी पूर्ण दहा मिनिटं बोलले नाही, तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या जशी मी आजारी आहे.

गोटी परत मिळणार नाही. ती मी तिसऱ्यांदा चोरली असं समज, आणि या वेळी उशीत ठेवलेली नाही.

गुरुवारी येते. दोनची बस. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काढ्याची बाटली असेल आणि खिशात तुझा डावा हातमोजा. फरशी पुसून ठेव.

बूट दारातच काढीन.

बेरिल